बुरुजापासून होडीपर्यंत

सोम., ३ नोव्हें.
लिफ्ट बंद. जिन्याने आमच्याच इमारतीत वर सातव्या मजल्यावर जाऊन दादाला भेटून आले. अर्धांगवायूनंतर शब्द नाहीत, नुसते ओठ हलतात. त्याने रचलेल्या टेबलावरच्या लढाईच्या खेळाची नियमपुस्तिका मी लिहितेय, पंधरा तारखेला प्रकाशकाकडे द्यायचीय, हे सांगितलं. त्याने डोळे मिटून घेतले. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, ऐकतात हं सगळं. परवा मी फोनवर तुमच्याबद्दल जरा काही बोलले, तर असं बघितलं माझ्याकडे!"

संध्या. केतनचा फोन. प्रकाशकाचा माणूस, कायम घाईत. "मॅडम, उंची कशाला मोजायची? वरून टेप धरायची, नकाशासारखी. विषय एंड." दादाचा नियम उलटा. सैनिकाच्या पायाखालच्या चकतीपासून समोरच्याच्या चकतीपर्यंत दोरा ताणायचा, तिरका. कोणी वाद घातला की माझ्याकडे बोट करून म्हणायचा, "सातव्या मजल्यावरून हिला हाक मारतो. खाली हिला ऐकू येते का विचार. मग सांग मला, उंचीला अंतर नसतं."

गुरु., ६
उदाहरण लिहायला घेतलं. टेबल माझ्याच हॉलमध्ये, दादाने आजारपणाआधी मांडलेला डाव तसाच. थर्माकोलचा बुरुज, वर टेहळ्या. खाली राई गावाहून आणलेल्या चिखलाची खाडी, काठाला होडी, होडीत नावाडी. टेहळ्या नेहमी दादाचा, नावाडी नेहमी माझा.

सपाट अंतर बारा इंच. बुरुज नऊ. दोरा पंधरा. शाळेतली भूमिती, चोख. टेहळ्याच्या हाकेचा पल्ला चौदा. म्हणजे हाक पोचत नाही, होडी जागची हलत नाही. केतनच्या पद्धतीने बारा, हाक पोचते. उदाहरण म्हणून उत्तम.

हाक पोचली तर: होडी बुरुजाखाली लावायची, टेहळ्याला उतरवून घ्यायचं, दोघं टेबलाबाहेर. डाव संपला.

नावाड्याला काय दिसतं तेही तपासलं. हनुवटी टेबलाला टेकवून. कठड्यावर टेहळ्याची फक्त पगडी.

रवि., ९
आकृती काढायला पुन्हा मोजलं. दोरा साडेचौदा.

सपाट बारा. बुरुज नऊ. दोन्ही तेच. मग तिरकं कमी कसं? दोरा दमट हवेने आखडला असेल म्हणून शिवणाचा दोरा घेतला. मग स्टीलची टेप. साडेचौदाच.

कामाला येणाऱ्या रेखाला विचारलं, केर काढताना धक्का लागला का. "मी कशाला हात लावू, ताई? मी त्या कोपऱ्यात झाडत पण नाय हल्ली. तो वरचा बघतो."
हसले. ती नाही हसली.

बुध., १२
चौदाच्या किंचित वर. बुरुज कलला असेल म्हणून ओळंबा लावून पाहिला. सरळ आहे.

लिफ्ट चालू झाली, वर गेले. डॉक्टर येऊन गेलेले. काय म्हणाले ते वहिनींनी सांगितलं नाही, पोहे पुढे केले. मग म्हणाल्या, "रविवारपासून हे काय नवीन काढलंय बघा." दादा चांगल्या हाताच्या बोटाने चादरीवर रेघ ओढत होता. वरून खाली, तिरकी. पुन्हा पुन्हा. दर वेळी शेवटाला बोट थांबवून माझ्याकडे बघायचा.
मी म्हटलं, "दादा, पुस्तकात पंधराच लिहिणार आहे."
रेघ ओढणं थांबलं नाही.

शुक्र., १४
पावणेचौदा.

दुपारी कुकर लावत होते. "सुमे." स्पष्ट. दादाचा आजारपणाआधीचा आवाज, शेवटी जरा वर जाणारा. गॅस बंद करून उभी राहिले. खाली मुलं खेळत नव्हती, कोणाचा टीव्ही नव्हता. वहिनींना फोन केला. "छे हो, झोपलेत. दुपारभर कूस नाही बदललेली. तुम्हीच पडा जरा."

घडलं ते लिहावं, मत नंतर. वर्तमानपत्राच्या डेस्कवर हेच केलं आयुष्यभर. तर घडलं ते हे: अंतर चौदाच्या आत आलं आणि हाक ऐकू आली.

याबद्दल दादाचा नियम कडक आहे. "ऐकू आली की होडी हलवायचीच. ऐकलंच नाही असं करायचं नाही, सुमे." मी मात्र नेहमी तसंच करायचे. डाव लांबायचा तेवढाच. त्यालाही ते ठाऊक असायचं.

होडीला हात लावला नाही.

शनि., १५
सकाळी केतन: "आज सहापर्यंत, मॅडम. आणि ते उंचीचं सपाट करून टाका ना. लोकांना सोपं." सपाट म्हणजे बारा. म्हणजे हाक कायमचीच पोचलेली. नाही म्हटलं. पाचला पाठवलं: तिरका दोरा, पंधरा इंच, हाक पोचत नाही, होडी जागेवर. आकृतीसह. त्याचं उत्तर, "ओके. तुमचा दादा जिंकला."

लगेच वहिनींचा फोन. आवाजात कितीतरी दिवसांनी हुशारी. "वन्सं, आज बरे आहेत हो. चमचाभर चहा घेतला. खिडकीशी बसवा म्हणून खुणा केल्या, उशा लावून बसवलंय. खालीच बघतायत एकटक."
माझा हॉल बरोबर त्या खिडकीखाली.

आज मोजलं नाही. हनुवटी टेबलाला टेकवून फक्त पाहिलं. पगडी, कपाळ, पूर्ण चेहरा, एक खांदा. कठड्याच्या बाहेर.

"सुमे."

पुस्तकात पंधरा लिहिलंय. पंधरावर ऐकू येत नाही.

पुन्हा.

गॅलरीत जाऊन वर बघितलेलं नाही. डावा हात होडीवर आहे. अजून ढकललेली नाही.