कपाटं सुटली, गाडी राहिली

ती. वहिनींस,

साष्टांग नमस्कार लिहायला बसले होते, पण गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून आठांपैकी सहाच अंगं जमिनीला टेकतात. तेवढ्यावर भागवून घ्या. लेक आणि नात सुखरूप आहेत हे कळलं. नातीचं नाक आमच्या घराण्याचं आहे हेही कळलं. वाईट वाटलं, पण जीभही आमचीच निघाली तर नाकाकडे कुणाचं लक्ष जाणार नाही. तुमची पाठ कशी आहे? तुमच्या यजमानांची, म्हणजे माझ्या दादाची, तब्येत उत्तम आहे. तुम्ही लेकीकडे गेल्यापासून तो रोज सकाळी आठाच्या ठोक्याला मला सल्ला द्यायला येतो, इतकी उत्तम.

मुलींच्या शिवणशाळेतली मशीनं एकतीस वर्षं दुरुस्त करून मी निवृत्त झाले, पण शिलाई मशीन काखोटीला मारून दुकानात नेणं कुणाला जमत नाही, म्हणून तुमच्या व्हॅनमध्ये हत्यारांची तीन कपाटं ठेवून मीच घरोघर जाते, हे तुम्ही जाणताच. (दादा याला 'बाईचा छंद' म्हणतो. शनिवारी तो धरून पाच निवृत्त पुरुष मिळून चांगल्या गाण्यांचा जीव घेतात, तो मात्र 'वाद्यवृंद'.) अडचण अशी, की त्या वाद्यवृंदाचा भला मोठा ड्रमही त्याच व्हॅनमधून जातो आणि दोरीने जखडलेली माझी कपाटं सोडवता सोडवता शनिवारची अर्धी सकाळ जाते. त्यात गेल्या महिन्यात एका वळणावर दोरी सुटली, मधलं कपाट आडवं झालं आणि चारशे बॉबिनी, शटलं, सुयांच्या झाडून सगळ्या पुड्या गाडीभर झाल्या. दोन दिवस मी सुया वेचत होते. एकच राहिली, ती दादाला सापडली. कुठे, ते तो सांगत नाही आणि मी लिहिणार नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले आहे.

त्या सुईनंतर दादाचं फर्मान निघालं. येत्या शनिवारी सकाळी दहा मिनिटांत गाडी रिकामी करून दाखव, नाहीतर कपाटं कायमची बाहेर आणि किल्ली माझ्याकडे. म्हणजे माझ्या त्रेपन्न गिऱ्हाईकणींनी टाके सोडणारी मशीनं घेऊन बसायचं आणि मी टीव्हीसमोर बसून दुसऱ्यांच्या सासवा बघायच्या. वहिनी, मी खऱ्या सासूसमोर पण इतका वेळ बसले नव्हते.

गाडीत कपाट पक्कं धरणाऱ्या आणि हवं तेव्हा झटक्यात सोडणाऱ्या पकडी मिळतात असं कळलं, म्हणून दुकान गाठलं. दादा बरोबर आला (न बोलावता). प्रश्न मी विचारत होते आणि दुकानदार उत्तरं दादाला देत होता, जणू मी परदेशची पाहुणी आणि दादा दुभाषा. माझ्याकडे वळून त्याने एकच विचारलं, "मॅडमना रंग कुठला आवडेल?" मी म्हटलं, "गंजाचा सोडून कुठलाही." मग त्याने चुंबकाची पकड काढली. सुयांच्या कपाटाला चुंबक. सुया एकदा चुंबकाळल्या की एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि माहेरी आलेल्या बहिणींसारख्या सुटता सुटत नाहीत, हे मी त्याला सांगितलं. त्याने ते दादाकडून खरं करून घेतलं. मग बकलाचा पट्टा दाखवला. ती आमची जुनी दोरीच, फक्त शिकलेली. तिसरी पकड वर उचलून काढायची, "सगळे हीच नेतात." मी विचारलं, कपाट पस्तीस किलोचं आणि मी सहासष्ट वर्षांची, तर उचलायला दर शनिवारी तुम्ही येणार का? तेव्हा त्याने पहिल्यांदा उत्तर मला दिलं. "नाही," म्हणाला. आणि मुकाट्याने मागून हवी ती वस्तू आणली: गाडीच्या तळाला रूळ, कपाटाखाली त्यात बसणारी खाच, उजव्या अंगाला खटका. कपाट आत ढकललं की आपोआप अडकतं, खटका ओढला की सरळ बाहेर सरकतं. मागच्या दाराशी त्याच उंचीचा चाकांचा गाडा लावला की उचलाउचल संपली. मी तीन जोड आणि एक गाडा घेतला. रंग राखाडी.

इथपर्यंत सगळं माझ्या हातात होतं. पण बसवायला फिटर आला आणि दादाने नकाशा काढला. चार रंगांच्या पेन्सिलींचा. तिन्ही कपाटं एकमेकांना खेटून, एक बोटभर जागा वाया नाही. फिटर मला 'मावशी' आणि दादाला 'साहेब' म्हणत होता, तेव्हा कुणाचं ऐकायचं हे ठरलेलंच होतं. शुक्रवारी चार वाजता कपाटं आत गेली. खट, खट, खट. दादा म्हणाला, "याला म्हणतात काम." मी म्हटलं, आता काढून दाखव. पहिल्याचा खटका दुसऱ्याआड, दुसऱ्याचा तिसऱ्याआड आणि तिसऱ्याचा गाडीच्या पत्र्याआड. खटका ओढायला कपाट काढायला हवं, कपाट काढायला खटका ओढायला हवा. फिटर म्हणाला, "साहेबांनी काढलंय तस्संच बसवलंय, मावशी." साहेब म्हणाले, "पक्कं बसलंय ना? मग झालं." आणि दोघं चहाला गेले. हे उंटावरचे शहाणे. उंटसुद्धा माझा, म्हणजे तुमचा.

मी चहाला गेले नाही. खालचे खण बाहेर काढले, कपाटाच्या आत डोकं घातलं (या वयात) आणि ड्रिलने उजव्या फळीला, खटक्याच्या अगदी शेजारी, भोक पाडलं. पायमशीनच्या चाकावरून फिरतो तो चामडी पट्टा माझ्याकडे वेटोळीच्या वेटोळी पडून असतो. तो खटक्याला बांधला, भोकातून आत घेतला आणि टोक वरच्या खणात आणून खणाला कुलूप लावलं, म्हणजे धक्क्याने ओढला जायला नको. तीन कपाटं, तीन पट्टे. दोघं चहा पिऊन आले तेव्हा मी हात धुऊन बसले होते. फिटरने एक पट्टा ओढून पाहिला, दुसरा ओढून पाहिला आणि जाताना मला 'बाईसाहेब' म्हणाला.

शनिवारी सकाळी वाद्यवृंद इस्त्रीचे शर्ट घालून फाटकाशी उभा. ड्रमवाल्यांनी ड्रम असा पोटाशी धरलेला, जणू आठवा लागलाय. क्लॅरिनेटवाले म्हणाले, "ताई, कशाला दगदग, आम्ही रिक्षा करू." मी म्हटलं, तुम्ही फक्त बघा, वाजवू नका. दादा हातात घड्याळ घेऊन उभा. मी कुलूप काढलं, पट्टा ओढला, कपाट गाड्यावर, गाडा ओसरीत. एक. दोन. तीन. सहा मिनिटं आणि वीस सेकंद, वहिनी. एक सुई हलली नाही. ड्रमवाल्यांनी टाळी वाजवायला हात सोडले आणि ड्रम पायावर घेतला, पण टाळी झाली. दादा दोनदा आत वाकून पाहून आला आणि म्हणाला, "नकाशा चांगला होता म्हणून." संध्याकाळपर्यंत पट्ट्यांची कल्पनाही त्याचीच झाली होती. असो. किल्ली माझ्या पदराला आहे.

नातीला माझा आशीर्वाद. तुम्ही घाई करून परतू नका. इकडे तुमची आठवण येते, अडत मात्र नाही.

तुमची नणंद

ता. क. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही, तरी तीन पानं लपवलं. व्हॅन तुमच्या नावावर आहे. सोबत एक कागद जोडते: सोमवार ते शुक्रवार गाडी माझी, असं त्यात लिहिलंय. खाली सही करून पाठवा. दादा हरला हे खरं, पण तो दर सोमवारी नवा खेळ मांडणारा माणूस आहे.

ता. क. दुसरं. नातीच्या आजीशी खोटं बोलवत नाही. तिसरं कपाट रुळावर अर्ध्यात अडलं होतं. मी जोर लावला, हललं नाही. तेवढ्यात गाडीच्या आतून, कपाटामागून, कुणीतरी खांदा दिला आणि ते सरळ गाड्यावर आलं. वळून पाहिलं तर दादा पुन्हा फाटकाशी उभा, धापा टाकत, आणि घड्याळ खिशात. तेव्हा वेळ कुणीच मोजला नाही. सहा मिनिटं वीस सेकंद हा आकडा माझा आहे आणि तो त्याने सगळ्यांसमोर मान डोलावून मान्य केला. यावर आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही, तुम्हीही बोलू नका. फक्त सही करण्याआधी कागदात तुमच्या अक्षरात एक ओळ घाला: शनिवार त्याचा. मी लिहिलं तर त्याला संशय येईल.