कलम सहा: मशीन बंद करू नये

मी, मारुतीराव गुंडाप्पा म्हेत्रे, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा पूर्वी पॉवरलूमचा जॉबर, नंतर चार मागांचा मालक, सध्याचा धंदा विचारू नये, राहणार वडगाव, बेळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. मी पूर्ण शुद्धीवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी पत्नी मालुबाई हिचं याबाबत वेगळं मत असू शकतं, पण तिचा दाखला कोर्टात चालत नाही. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

वकील रचनाबाई म्हणाल्या होत्या, "काका, काय आणि कोणाला एवढंच लिहा. का, ते लिहू नका." मी चाळीस वर्षं लोकांचे माग दुरुस्त केले. माग का बंद पडला ते न सांगता पैसे घेऊन जाणारा जॉबर मी कधी भरवशाचा मानला नाही. तेव्हा का, तेही लिहिणार. मराठीत लिहितोय. नोंदणीला कन्नड प्रत लागली तर रचनाबाई करून देतील. मला कन्नड बोलता येतं, भांडताही येतं, पण मृत्युपत्राला लागतं तेवढं शांत कन्नड येत नाही.

कलम १. घर. राहतं घर मालुबाई हयात असेपर्यंत तिचं. तिच्यानंतर मुलगा युवराज, जो पुण्यात नोकरीला आहे, आणि मुलगी मंगल, जी निपाणीला दिली आहे, यांना निम्मं निम्मं. मुलीला लग्नात सगळं दिलं होतं असं ज्याला म्हणायचं असेल त्याने ते आधी मंगलसमोर म्हणून दाखवावं.

कलम २. परड्यातला कट्टा. घरामागच्या परड्यात, शेवटच्या भिंतीला लागून दगडी कट्टा आहे. मालुबाई गेली चार वर्षं रोज दुपारी सूप घेऊन तिथं तांदूळ निवडत बसते. दोन माणसांना किती तांदूळ लागतात हे मी विचारलेलं नाही. तिथं ऊन चांगलं लागत असावं. पुढे कोणी घर पाडून नवीन बांधलं तरी ती आहे तोवर त्या कट्ट्याला हात लावू नये. मी स्वतः परड्यात चार वर्षं पाय ठेवलेला नाही. कारण कलम पाचमध्ये आहे.

कलम ३. बँकेत जे आहे ते मालुबाईचं. ते थोडं आहे, त्यामुळे हे कलमही थोडं.

कलम ४. पान्यांची पेटी. लोखंडी, निळी, झाकणावर माझं नाव. आत पाने, हातोड्या, कानस, आणि तेलाची कुपी. युवराजला पाना कुठल्या बाजूने धरतात ठाऊक नाही. त्याचा दोष नाही, त्याच्या ऑफिसात काही ढिलं होत नसणार. ही पेटी द्यावी असा जगात एकच माणूस होता आणि त्याच्याशी मी बोलत नाही. म्हणून ती माझ्याबरोबर सरणावर ठेवावी. रचनाबाई म्हणतात लोखंड जळत नाही. मला ठाऊक आहे. तरी ठेवावी.

कलम ५. शामू दिवटे. आमच्या परड्याच्या भिंतीपलीकडे याची मागांची शेड आहे. याला माझ्या मिळकतीतलं काहीही मिळू नये, खिळासुद्धा नाही.

का, ते असं. शामू वीस वर्षं माझ्याबरोबर जॉबर होता. हाताला इतका चांगला माणूस मी पाहिला नाही. लॉकडाऊननंतर सुताचे भाव आणि माझे गुडघे दोन्ही हाताबाहेर गेले आणि मी चारही माग काढायचं ठरवलं. भंगारवाला ठरलाही होता. शामू आला आणि म्हणाला, "आण्णा, भंगारात कशापायी घालताय? मला द्या. माझ्याकडं चालतील तरी." पैसे रोख दिले, वेळेवर दिले, त्याबद्दल तक्रार नाही. पण नेल्यावर आठ दिवसांत त्याने माझ्या मागांना हिरवा रंग दिला. खाली मालुबाईने पंचवीस वर्षं लावलेल्या कुंकवाची बोटं होती, ती गेली. वर त्याच वर्षी खंडेनवमीला भिंतीपलीकडे ते माग सुरू केले, रात्रपाळीसकट. म्हणजे जणू लेक दिली ती शेजारच्याच घरात, आणि रोज तिचा आवाज आपल्या कानावर, पण जायची सोय नाही. मी त्या दिवसापासून परड्यात जायचं सोडलं आणि शामूशी बोलायचंही.

कलम ६. मशीन. सोप्यात, जिथं आमचे माग होते, तिथं लोखंडी चौकटीवर एक कॉम्प्युटर आहे. त्याला पडदा नाही, पेटी नाही, सगळी आतडी बाहेर आहेत. ह्या कॉम्प्युटरने दिवसभर गणितं सोडवायची आणि त्या बदल्यात कुठून तरी नाण्याचा एक कण आपल्या नावावर पडायचा, असा तो धंदा. नाणं हातात येत नाही, दिसत नाही, पण विकता येतं. युवराजने फोनवर समजावलं, मला अर्धं कळलं, आणि अर्ध्यावर मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी सुरू केल्या आहेत.

सामान टिळकवाडीतल्या पूर्णिमाबाईंच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून आणलं. चार माग गेले म्हणून गणितं सोडवणारी चार ग्राफिक कार्डं घेतली, सगळी सेकंडहँड. चौकट जुन्या मागाच्या अँगलची मीच जोडली आणि वायरी विणकराच्या गाठीने बांधल्या. पूर्णिमाबाई म्हणाल्या, "काका, ह्याला चिमटे मिळतात." मी म्हटलं, आमची गाठ सुटत नाही. खरंच सुटली नाही, नंतर वायर बदलायची वेळ आली तेव्हा कापावी लागली. फिरतं त्याला तेल घालायचं ही चाळीस वर्षांची सवय, म्हणून चारही कार्डांच्या पंख्यांत मागाचं तेल घातलं. खोलीत सुताचा कस, म्हणजे तंतूंची धूळ, अजून होता. तेल आणि कस मिळून जे झालं ते काढायला पूर्णिमाबाईंना दात घासायचे तीन ब्रश लागले. त्या हसल्या नाहीत. असं माणूस विरळा.

मशीनचा मुहूर्तही त्याच खंडेनवमीचा, दोन हजार एकवीसचा. हत्यारं पुजायचा दिवस, तेव्हा मशीनलाही हळदकुंकू. मालुबाईने हळद वाहिली, ती पंख्याने ओढून घेतली. मग मी नारळ फोडला, चांगला पाणीदार निघाला, आणि अर्धं पाणी थेट मदरबोर्डवर गेलं. मशीन सव्वा मिनिट चाललं. लोकांची दुकानं बुडायला वर्षं लागतात. मी त्याच संध्याकाळी पुण्याला गेलो, युवराजकडे नऊ दिवस राहून जुन्या बाजारात दुसरा बोर्ड मिळवला, आणि परत येऊन पूजा न करता चालू केलं. तेव्हापासून आजतागायत ते चालू आहे.

आता गुपित लिहितो. दोन हजार बावीसच्या गणपतीनंतर त्या नाण्याच्या कारभाऱ्यांनी कारभारच बदलला. गणितं सोडवणाऱ्या मशीनची गरज उरली नाही. तेव्हापासून माझं मशीन कोणी घेत नाही अशी चिल्लर नाणी काढतंय, आणि विजेचं बिल त्याहून जास्त येतं. युवराज दर महिन्याला म्हणतो, "आप्पा, बंद करा ते." मी म्हणतो, बाजार फिरेल. बाजार फिरणार नाही हे मलाही कळतं.

मी ते मालुबाईसाठी चालू ठेवलंय. माग विकल्यावर घर एवढं गप्प झालं की तिला झोप येईना. पंचवीस वर्षं खटखटाटात झोपलेली बाई. म्हणायची, "कान रिकामे झाल्यात वो." महिनाभर ती आढ्याकडे बघत पडायची आणि तिच्याकडे बघत मी. मशीन आलं, आणि त्या खंडेनवमीपासून ती झोपू लागली. ती मागच्या खोलीत झोपते, पण पंख्यांची घरघर तिथवर पोचत असणार. मी घरघर वाढावी म्हणून पिठाच्या गिरणीला असतो तसला एक मोठा पंखाही भिंतीत बसवला. तिला हे सांगितलेलं नाही. बायकोसाठी काही केलं की ते सांगायची आमच्यात पद्धत नाही. शिवाय त्या आवाजात शामूच्या शेडमधलं काही ऐकू येत नाही, हा माझा फायदा, तोही कबूल करतो.

म्हणून माझी पक्की आज्ञा: मी गेल्यावर मालुबाई हयात असेपर्यंत हे मशीन बंद करू नये. बिल युवराज आणि मंगलने अर्धं अर्धं भरावं. पंखा जळाला तर बदलावा. माझ्या मिळकतीत जपण्यासारखं दुसरं काही नाही. तिची झोप मोडली तर मी वर जाऊनही स्वस्थ बसणार नाही.

कलम ७. बारा शब्द. बावीसच्या आधी जी नाणी जमली ती एका पाकिटात आहेत. हे पाकीटही दिसत नाही. ते उघडायला बारा इंग्रजी शब्द एका ओळीने म्हणावे लागतात. मी ते कागदावर लिहिले आणि चारदा हरवले. मालुबाईला इंग्रजी येत नाही, पण मी दोन दिवस तिच्यासमोर वाचले आणि तिने रोजच्या स्तोत्राला जोडून पाठ करून टाकले. सकाळी देवाजवळ ती ते बारा शब्द चालीत म्हणते. देवाला काय वाटत असेल कोण जाणे. एक प्रत रचनाबाईंकडे बंद पाकिटात आहे, पण मुलांनी ती मागू नये. आईजवळ बसून ऐकावेत. निघेल ते दोघांनी वाटून घ्यावं.

कलम ८. सायकल ज्याला हवी त्याने न्यावी, ब्रेक नाहीत. तेराव्याला जिलबी असावी, बुंदी नको.

इथं सही करणार होतो. पण खालील दुरुस्ती करणं भाग पडलं. वरचं सगळं पुन्हा लिहायला कागद आहे, कंबर नाही, म्हणून ते तसंच ठेवतो.

दुरुस्ती. परवा दुपारी मी हे सर्व मालुबाईला वाचून दाखवलं. नवऱ्याने मृत्युपत्र वाचलं की बायका रडतात असं ऐकून होतो. ही जिलबीला मान हलवत होती. कलम सहा मात्र तिने पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "मशीन माझ्यासाठी चालू हाय?"

मी म्हटलं, व्हय.

"अवो, मला तर वाटलं तुमास्नी शामूभावजींचा माग ऐकवत न्हाय म्हणून त्ये घरघरं लावलंय. म्हणून मी चार वर्सं गप. डोकं उठतंय माझं त्यानं."

मी म्हटलं, खंडेनवमीपासून तू झोपायला लागलीस.

"व्हय. पर त्या दिवशी तुमचं मशीन नारळाच्या पाण्यानं मेलतं. नऊ दिवस तुमी पुण्यात. मी कशावर झोपत होते?"

चाळीस वर्षं मी मागातला बिघाड आवाजावरून काढला, आणि हा माझ्या घरातला मला चार वर्षं सापडला नाही. ती मागच्या खोलीत का झोपते, उन्हाळ्यातही भर दुपारी कट्ट्यावर तांदूळ का निवडते, सगळं एकदम कळलं. भिंतीपलीकडे आपलेच माग चालू होते आणि ती त्यांच्याजवळ जाऊन बसत होती. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, "तुमी परड्यात येत न्हवता. शामूचं नाव काढलं की जेवण सोडत होता."

मी उठलो आणि मशीन बंद केलं. भिंतीतला पंखाही बंद केला. मग आम्ही दोघं परड्यात कट्ट्यावर बसलो. मला ऐकायला कमी येतं, पण ते आलं. एक, दोन आणि चार नंबर ठीक चालले होते. तीन नंबरचा ठोका मागे पडत होता. त्याची धोट्याला मारणारी काठी पहिल्यापासून ढिली व्हायची, दर पंधरा दिवसांनी मी आवळायचो. मी तो लंगडा ठोका थोडा वेळ सोसला. मग पेटी उचलली आणि गल्लीला वळसा घालून शामूच्या शेडमध्ये गेलो.

शामूचे केस पांढरे झालेत. मला बघून त्याने आधी माग थांबवला, मग हात पुसले. म्हणाला, "आण्णा, ह्यो तीन नंबर चार वर्सं कुणाचं ऐकंना. तुमास्नी या म्हणायचं लई वाटायचं. पर तोंड न्हवतं."

मी विचारलं, हिरवा रंग कशाला दिलास?

"गंज चढलता, आण्णा. कुंकवाची बोटं ठेवल्यात. बघा." चारही मागांवर, बाजूच्या पट्टीवर, वीतभर जागा रंगाविना सोडली होती. कुंकू होतं तसं होतं. त्याच्यावर त्याच्या बायकोचं ताजं कुंकू होतं. मला रडू आलं. मी वाकून काठी आवळायला लागलो, त्यात ते खपून गेलं.

तेव्हा आता असं:

कलम सहा रद्द. मशीन मोडावं. एक कार्ड मंगलच्या लेकीला, आरोहीला, तिच्या कॉलेजच्या कॉम्प्युटरसाठी. बाकीची तीन पूर्णिमाबाईंना विकावीत. फुकट देता येत नाहीत, कारण त्या खाली साक्षीदार आहेत, आणि रचनाबाई म्हणतात की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये.

ह्याच कारणाने कलम पाच कायम. शामूला माझ्या मिळकतीतलं काहीही मिळू नये, खिळासुद्धा नाही. नाहीतर तो सही करू शकणार नाही, आणि मला त्याचीच सही हवी आहे.

कलम चारबद्दल खुलासा. पान्यांची पेटी मी परवाच शामूच्या शेडमध्ये ठेवून आलो आहे. ती आता माझी नाही, सबब या मृत्युपत्रात धरू नये आणि सरणावर शोधू नये. तीन नंबर आवळायला मी रोज सकाळी दहाला तिथं असतो. कोणाला काम असेल तर परड्यातून हाक मारावी.

सही: मारुतीराव गुंडाप्पा म्हेत्रे

आमच्यासमोर, शुद्धीवर असताना, हसत सही केली.

साक्षीदार १: पूर्णिमा, कॉम्प्युटरचं दुकान, टिळकवाडी.

साक्षीदार २: शामू दिवटे, वडगाव. कलम पाच वाचून दाखवलं. मान्य.

ठिकाण: वडगाव, बेळगाव, परड्यातला कट्टा.
दिनांक: ९ डिसेंबर २०२५, मंगळवार. चारही माग चालू.