चादरीखालच्या दोनशे चौदा ऑर्डरी

चँडलर, ॲरिझोना

ती. राजाराममामांना यतीनचा वाकून नमस्कार (इथे वाकायला जागा भरपूर आहे, समोर पाय मात्र कुणाचे नाहीत).

तुमची कंबर कशी आहे? मामींचा मोतीबिंदू पिकला की डॉक्टर अजून थांबाच म्हणतायत? मी मजेत. निधीच्या लग्नासाठी, भाऊ म्हणून, माझी बारा दिवसांची रजा मंजूर झाल्याचं कळवलं होतं. ते प्रकरण जरा नाजूक झालंय. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही मध्येच ओरडला असता, म्हणून लिहितोय.

तुम्हाला माझं शिक्षण माहीतच आहे. बाबा कंपनीच्या कामाने इथे असताना मी जन्मलो आणि इथला नागरिक झालो, एवढीच माझी अमेरिकेतली पात्रता. दहावीचं गणित अजून राहिलेलंच आहे. नळ आणि कमोडच्या या गोदामात मी खोकी उचलायला लागलो होतो. पण मला एका जागी उभं राहवत नाही, आणि फिरत फिरत मी इथला कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या हॅरल्ड आजोबांच्या खोलीत पोचलो. तिथे एक काळं कपाट आहे. ते कपाट म्हणजे कॉम्प्युटर, वय माझ्यापेक्षा जास्त, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. सगळ्या ऑर्डरी त्याच्या पोटात. पण कुठला माल काढायचा त्याच्या चिठ्ठ्या छापतो शेजारचा विंडोज सर्व्हर, आणि या दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. म्हणून मध्ये एक जोडणी असते. जुन्या मशीनमध्ये एक फोल्डर आहे, त्यावर विंडोजचा फोल्डर आणून बसवायचा, म्हणजे इकडून टाकलेली ऑर्डर तिकडे दिसते. याला माउंट करणं म्हणतात. आजोबांनी मला हे शिकवलं, कारण दुसरं कुणी त्यांच्याजवळ बसतच नव्हतं.

मागच्या सोमवारी आजोबा गुडघा बदलायला गेले. जाताना पानभर सूचना लिहून दिल्या. मंगळवारी विंडोजने फार नम्रपणे विचारलं, अपडेट करून रीस्टार्ट करू का? (मला इतक्या नम्रपणे इथे कुणी काही विचारत नाही.) मी हो म्हटलं. जोडणी अडकली. सूचना काढल्या: आधी जुनी जोडणी सोडवा. सोडवली. तेवढ्यात खाली कुणीतरी समोसे आणल्याचं कळलं. पानाचा उरलेला भाग आल्यावर वाचू म्हटलं, तो तीन तासांनी वाचला.

त्या तीन तासांत ऑर्डरी येतच होत्या. विंडोजचा फोल्डर वर नसल्यामुळे त्या खालच्या जुन्या फोल्डरमध्ये पडत राहिल्या. छापायला काही नाही, म्हणून गोदामातली माणसं बास्केटबॉल खेळत होती. मी परत आलो, दोनशे चौदा ऑर्डरी डोळ्यांनी पाहिल्या आणि उत्साहात माउंट केलं. फोल्डर रिकामा. आमच्या साहेब सीमा मॅडम, नागपूरच्या, मागेच उभ्या होत्या. मी म्हटलं, आत्ता तर होत्या.

"होत्या म्हणजे? दोनशे चौदा लोकांचे नळ कुठे गेले रे?"

मामा, माझ्या डोळ्यांसमोर निधीचा मांडव आला आणि त्यात माझी रिकामी जागा. मग एकदम आई दिसली. पाहुणे दारात आले की ती सोफ्यावरच्या पसाऱ्यावर चादर टाकते, आठवतं? वर सगळं स्वच्छ, आणि पाहुणा बसतो तो बाबांच्या चष्म्यावर. इथे तेच झालं होतं. विंडोजचा फोल्डर वर अंथरला गेला, ऑर्डरी खाली दबल्या. मी जोडणी पुन्हा सोडवली, ऑर्डरी बाजूला काढल्या, परत माउंट करून त्यावर टाकल्या. प्रिंटर असा सुटला की बास्केटबॉल थांबला. मॅडमनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. आता ही जोडणी माझ्याकडे आहे. घरी सगळ्यांना सांगा.

तुमचा भाचा,
यतीन

ता. क. हॅरल्ड आजोबा मार्चपर्यंत येत नाहीत आणि ही जोडणी दुसऱ्या कुणाला येत नाही, म्हणून रजा रद्द. गुरुजींना मार्चमधला एखादा मुहूर्त बघायला सांगाल का? आईशी तुम्हीच बोला.

ता. क. २. पाकीट बंद करण्याआधी एक उपाय सुचला. मॅडमना जाऊन खरं सांगितलं की जोडणी मीच सोडवली होती आणि समोसे खायला गेलो होतो. वाटलं, रागावून काम काढून घेतील आणि रजा परत मिळेल. त्या म्हणाल्या, "हॅरल्डनेही पहिल्या वर्षी हेच केलं होतं, म्हणून तर पानभर लिहून ठेवलंय. आता तू हे पुन्हा करणार नाहीस. तूच थांब."

ता. क. ३. मुहूर्त हलवू नका, निधी मला कधी माफ करणार नाही. फक्त एक करा. कानपिळीला अरुणदादाला पुढे करू नका, चुलतभाऊ झाला म्हणून काय झालं. सख्खा भाऊ मी आहे, तो कान माझा आहे. लग्न लागू द्या, कान शिल्लक ठेवा. मार्चमध्ये येऊन पिळीन. जावईबापूंना तेवढी कल्पना देऊन ठेवा.