शेवटच्या गाठीचा उपचार

अमरावती, ८ जून १९६१

तीर्थरूप जानरावदादांच्या चरणी धाकट्या केशवचा (डाव्या हाताने उजवा हात धरून केलेला) नमस्कार. अकोल्याचे ऊन आणि पार्बतावहिनींचे गुडघे, दोहोंचा ताप आता उतरणीला लागला असेल. येथे सर्व क्षेम आहे. मला कशाचीही गरज नाही. केवळ शास्त्रीय कुतूहलापोटी लिहीत आहे.

एक कोडे तुम्हीही अनुभवले असेल. जिना उतरताना पावलांचा विचार केला नाही, तर ती बिनचूक पडतात. ‘आता कोणते पाऊल?’ असे मनात आले, की नेमका पाय अडखळतो. माझ्या उजव्या हाताचे तसेच झाले आहे. ‘मीट’ म्हटले की बोटे अर्ध्यावर थांबतात; मात्र धोतर सुटू लागले, की तीच बोटे माझ्याआधी तेथे पोहोचतात.

झाले असे, की मार्चमध्ये सौ. भागीरथेने मला जळमटे काढण्यासाठी स्टुलावर चढायला सांगितले. कोणतेही काम तत्त्व समजून करावे, म्हणून मी तिला प्रथम गुरुत्वमध्य समजावून दिला आणि स्टूल केव्हा कलंडते हे त्यावर उभा राहून दाखवले. तत्त्व सिद्ध झाले, मनगट मोडले. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले, तेव्हा आत सापडलेला हात माझा नसून एखाद्या वाळलेल्या शेजाऱ्याचा असावा, असे वाटले. मी तक्ता आखला : सकाळी शंभर मुठी, सायंकाळी शंभर. भागीरथा कोनमापक लावून बोटांचे अंश मोजी. पंधरा दिवसांत प्रगती एक अंश (तोही तिने दयेपोटी दिला असावा). इकडे आमचे मुख्याध्यापक पंजाबराव यांनी सांगून ठेवले, की सव्वीस जूनला शाळा उघडेल, त्या दिवशी फळ्यावर लिहिता आले नाही तर ग्रंथालयात बसावे लागेल. दादा, तेवीस वर्षे मी फळ्यावर चार कप्प्यांचे हृदय काढत आलो. ग्रंथालयात मी समजावून सांगावे कोणाला, कपाटांना?

तेव्हा दवाखान्यात हातांवर उपचार करणारे धर्मपाल वानखडे या तरुण गृहस्थांकडे गेलो. मी तक्ता पुढे ठेवला. त्यांनी तो नीट घडी करून मलाच परत दिला.

“मास्तर, हात तं तुमी बराबर आनला. मानूस घरीच ठेवून आले काय?”

मग अर्धा तास ते हाताला शिवलेही नाहीत. झोप लागते का, जेवू कोण घालते (हे ऐकून भागीरथेने त्याच दिवशी मला भरवणे बंद केले आणि आपला आनंद लपवला नाही), भीती कशाची वाटते, हे सर्व विचारले. फळ्याच्या आधी हे हात काय करीत, असेही विचारले. मी पाटी सांगितली. त्याच्याही आधी? बाकावर आणखी चौघे रुग्ण बसले होते. मी शक्य तितक्या हळू म्हणालो, गजरे.

दुसऱ्या दिवसापासून खडूऐवजी मोगरा. बोटे वाकवणारे स्नायू कोपराखाली असतात, हे मी मुलांना शिकवतो. त्यांना हाक मारणारी सवय कोठे असते, ते आकृतीत दाखवलेले नसते. केळीच्या सोपटाचा ओला दोरा बोटांना लागला आणि मला एकदम कौंडण्यपूरची जत्रा आठवली. नदीकाठी पोत्यावर बसलेली माय, तिच्या एका गुडघ्याशी तुम्ही, दुसऱ्याशी मी, मध्ये शेवंतीचा ढीग. माय बोलत असे गिऱ्हाइकाशी आणि पाहत असे आपल्या बोटांकडे. माझी फुले विरळ पडली, की न बोलता कोपराने ढोसत असे. तो कोपर मला परवा व्हरांड्यात बसल्या बसल्या जाणवला, आणि अनामिका कोणी न सांगता वाकली. कोनमापक शोधेपर्यंत चार फुले गुंफून झाली होती.

“हात एकटा बरा होत नाई, मास्तर,” धर्मपाल म्हणाले. “आपन कोनाचे हाओत, हे त्याले आठवा लागते.”

आता मी रोज एक गजरा करतो आणि भागीरथा तो माळून अंबादेवीला जाते. ती कोणत्या गल्लीने गेली, हे मागाहून फुलांवरून कळते. असो. प्रकृती उत्तम आहे. वहिनींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
केशव

ता. क. अक्षरावरून ध्यानात आलेच असेल, की हे पत्र लिहायला चार दिवस लागले. गजरा टिकत नाही, कारण शेवटची गाठ मला येत नाही. ती नेहमी तुम्ही मारायचात. मी माळ तुमच्याकडे सरकवून नदीवर पाणी आणायला पळायचो. त्या गाठीत करंगळी अंगठ्यापर्यंत न्यावी लागते, आणि माझी नेमकी तेथेच अडली आहे. गजरा पुरा झाला, की खडू देईन, असे धर्मपालांनी बजावले आहे.

ता. क. दुसरा. नोकरीच्या पहिल्या वर्षी तुम्ही फुलांची टोपली घेऊन शाळेच्या फाटकाशी आला होतात. सहकाऱ्यांनी विचारले, तेव्हा मी ‘आमच्या गावचे आहेत’ एवढेच म्हणालो. तुम्ही ऐकले होते. भीती कशाची वाटते, असे धर्मपालांनी विचारले, तेव्हा मी ग्रंथालय सांगितले. ते खरे नव्हते. तुम्हाला पत्र लिहिले, तर ते तुम्ही न वाचताच ठेवून द्याल, ही भीती होती.

ता. क. तिसरा. एक साधा प्रयोग करून पाहा. डोळे मिटून ती गाठ मारा. हात थांबणार नाहीत. मग दोन्ही हात मांडीखाली दाबून तीच गाठ, हे पत्र आणणाऱ्या पोस्टमनला नुसत्या शब्दांत शिकवा. त्याला साधली, तर ते शब्द मला कार्डावर पाठवा. नाही साधली, तर बडनेऱ्याला गाडी बदलून या.