पालव्यांचं पित्ताशय

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून स्नेहलचा हेवा करायचा नाही. ठरलं. हेवा बरोबरीच्या माणसाचा करतात. मी पुण्याचा एम.डी., नऊ वर्षं सीटी स्कॅन वाचतोय. ती कोपरगावची, अजून रेसिडेंट. तिने एक कॉम्प्युटर-प्रोग्राम बनवलाय. फुफ्फुसाचा कॅन्सर पसरला की एकाच पेशंटच्या अंगात अनेक गाठी होतात; त्या आतून वेगवेगळ्या असतात, त्याच औषधाने एक आटते, दुसरी आटत नाही, आणि हा फरक तो स्कॅनवरून मोजतो म्हणे. मला नऊ वर्षांत सगळ्या गाठी सारख्याच दिसल्या.

डिसेंबरच्या पुण्याच्या कॉन्फरन्सला नगरहून एकच जण जाणार. विभागप्रमुख बिभीषण सर तिला पाठवतायत. मला वाईट वाटलं नाही. दुपारी जेवण गेलं नाही, पण डबाच बेचव होता.

५ नोव्हेंबर
काउंटरवरचा क्लार्क रजेवर. कसलाही कमीपणा न मानता मी बसलो. पाथर्डीकडच्या केशरबाई पालवे नवऱ्याला घेऊन आल्या. खोकल्यामुळे त्याला बोलता येईना. पेशंटचं नाव विचारलं. बाई म्हणाल्या, "कारभारी." कारभारी पालवे, पाथर्डी टाकल्याबरोबर कॉम्प्युटरने ऑगस्टचा जुना नंबर काढून दिला. एका मिनिटात काम. स्नेहल असती तर दहा प्रश्न विचारत बसली असती.

६ नोव्हेंबर
सापडलं. ऑगस्टमध्ये कारभारीच्या उजव्या फुफ्फुसात पाच गाठी. काल उजवं स्वच्छ, डाव्यात चार. सगळ्या नव्या. स्नेहलच्या प्रोग्रामने 'तुलना जुळत नाही' एवढं लिहून हात टेकले. रिपोर्ट दिला: औषध निकामी, बदलावं. पेपरचं नावही सुचलं, 'गाठींचं स्थलांतर'. पाथर्डीची माणसं ऊसतोडीला जातात, गाठी का जाणार नाहीत?

पुण्याला कोण जातं ते बघूच.

८ नोव्हेंबर
केशरबाई ओपीडीबाहेर रडत होत्या. शेजारणीला सांगत होत्या, "आत्ता कुठं दोन घास खायला लागलं हुतं, आन् आता म्हनत्यात औषध लागू न्हाई."

पेशंटला बरं वाटतंय हे माझ्या रिपोर्टशी जुळत नाही. चूक पेशंटची.

१० नोव्हेंबर, दुपारी
मीटिंग. वीस मिनिटं बोललो. मग स्नेहलने, आवाजसुद्धा न चढवता, विचारलं, "सर, ऑगस्टच्या स्कॅनमध्ये या पेशंटचं पित्ताशय ऑपरेशन करून काढलेलं दिसतंय. आता ते परत कसं आलं?"

तीन महिने हा मोठा काळ असतो, असं मी म्हणालो. बिभीषण सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

११ नोव्हेंबर
तिने शोधून काढलंच. केशरबाई नवऱ्याचं नाव घेत नाहीत. त्यांच्या तोंडी कारभारी म्हणजे नवरा. खरं नाव वैजनाथ. ऑगस्टचा कारभारी पालवे हा दुसराच माणूस. माझी आजीही आजोबांना कारभारीच म्हणायची, पण आजी काउंटरवर आली नव्हती.

वैजनाथच्या स्वतःच्या जुन्या स्कॅनशी ताडून पाहिलं. चारातल्या तीन गाठी आटल्यात, एक अडून बसलीय. म्हणजे स्नेहल म्हणते तेच, जसंच्या तसं, आणि तेही मी नोंदवलेल्या पेशंटमध्ये. जळफळाट झाला. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय. औषध तेच चालू राहणार. त्या माणसासाठी बरं वाटलं. स्नेहलमुळे बरं वाटावं लागतंय, हे सहन होत नाही.

१४ नोव्हेंबर
सरांनी नवी जबाबदारी दिली. काउंटरवर बसून नावं तपासायची. त्यासाठी अनुभवी माणूसच हवा, असं म्हणाले. स्नेहलचं पुण्याचं तिकीट आलं.

केशरबाई आल्या. नोंद दुरुस्त करायची तर नातेवाइकाने पेशंटचं नाव स्वतःच्या तोंडाने सांगायचं, असा मी आजच नियम केलाय. बाईंनी पदर सावरला आणि अख्ख्या रांगेसमोर उखाणा घेतला:

"मशिनीच्या बोगद्यात उजेड पडला निळा,
वैजनाथरावांचं नाव घेते, आता नीट लिव, बाळा."

रांग हसली. मी लिहिलं. स्नेहलने तपासलं.