चौदा तासांचं अंतर

प्रिय दादा,

तू आता विमानात आहेस, म्हणून लिहितेय. समोर असतास तर बोलले नसते.

दुपारी माझ्या नवऱ्यानं, तुझ्या लाडक्या मेहुण्यानं, माझ्या डाव्या हाताची दोन बोटं दारात चेचली. जेवण गार होतं, एवढंच निमित्त. न्हाणीघरात कडी लावून मी तुला फोन केला. "दम धर, पहिल्या विमानानं निघतो, चौदा तासांत पोचतो," तू म्हणालास. आठ हजार किलोमीटर. "चौदा तास?" मी ओरडलेच. ते त्यानं बाहेरून ऐकलं.

"चौदा तास आहेत होय? मग घाई कशाला?" असं हसत म्हणाला आणि हातोडीनं कडी तोडायला लागला.

आत येऊन त्यानं केसांना धरून माझं डोकं नळावर आपटलं. त्या झटापटीत हातोडी खाली पडली. ती मी उचलली.

तो जिवंत आहे. जबडा मोडलाय, एक डोळा जाईल म्हणतात. चौकीत मी सांगितलं, जीव वाचवायला मारलं. वकीलबाई म्हणतात, सुटशील.

पण दादा, पहिला घाव खांद्यावर बसला तेव्हाच तो खाली कोसळला होता. हात जोडून म्हणाला, "बस कर, चुकलं माझं." नऊ वर्षांत पहिल्यांदा. दार उघडं होतं, मी पळू शकत होते. मी तोंडावर आणखी तीनदा मारलं, आणि मला बरं वाटत होतं.

आलास की मला जवळ घेऊन म्हणशील, "गरीब गाय गं माझी." मी म्हणू देईन. हे पत्र फाडतेय.

तुझीच,
छकुली