सहा शिट्ट्यांची उसळ

३ फेब्रु., सोम.
लायब्ररीतून घरी यायला साडेसहा. कणकेची उकडपेंडी, ताक, लोणचं. पंधरा मिनिटांत मोकळी. या महिन्यात ठरवलंच आहे, कामाच्या दिवशी संध्याकाळी भाजीबाजाराकडे फिरकायचं नाही. घरात असेल त्यातच.
सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन शुक्रवारी झालं. थेंब दिवसातून चारदा. दुपारचे माझा नवरा संदीप घालतो, संध्याकाळचे मी. दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू आहेच, त्यामुळे त्यांना सगळं धूसर. पण ताटात काय आहे ते बरोबर कळतं. "हे सकायचं खानं रातच्याले काहून?" जन्म गेला चांदूर बाजारजवळच्या मळ्यात भाजी पिकवण्यात, त्यांना माझा झटपट स्वयंपाक म्हणजे पोरखेळ. नऊ वर्षांत एकदा 'बरं झालं' म्हणाल्या नाहीत.
डॉ.नी बजावलंय: वाकणं नको, शिंका सांभाळा, रडणं तर मुळीच नको. म्हटलं, त्या कशाला रडतात. रडायची वेळ माझी.

४ फेब्रु., मंगळ.
कांदे, लसूण, सुकं खोबरं. बस. मग वरच्या फळीवर मागे एक स्टीलचा डबा सापडला. राखेत घोळलेली बरबटी, म्हणजे चवळी, दोन वाट्या. माझी आईसुद्धा कडधान्याला कीड लागू नये म्हणून राख लावते, म्हटलं सं.नं गावाहून आणली असेल. चार पाण्यांनी धुतली. न भिजवता सहा शिट्ट्या. खोबरं-खसखस भाजून वाटण, वर तर्री. भाकरी.
आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, दोनदा मागून घेतली! म्हणाल्या, "अशी उसय माया मायच्या हातची खाल्ली होती." मी ओट्याशी तोंड फिरवून हसत उभी राहिले. खरंच खूप बरं वाटलं.

५ फेब्रु., बुध.
सकाळी आईंच्या डोक्याला तेल लावत होते. आई म्हणाल्या, "फयीवरचा बियाचा डबा जरा उनात ठेवजो. बरबटीचं हाय. शिवरात्रीच्या आंधी लावा लागते."
वेणी अर्धी टाकून सं.ला विचारायला गेले.
डबा आईंनीच ऑपरेशनसाठी गावाहून येताना बॅगेतून आणला होता. सं.नं वर ठेवला आणि मला सांगायचं राहिलं. राहिलं म्हणे! बी त्यांच्या आईचं. लग्नात पदराला बांधून आणलेलं, दरवर्षी वेलावरच्या पहिल्या चांगल्या शेंगा न तोडता वाळवायच्या, तेच पुढच्या साली. चाळीसेक वर्षं. गावी ठेवलं नाही, कारण मोठे भाऊजी, गजाननभाऊ, पाकिटातलं बियाणं लावायला टपलेले.
आणि मी त्याला फोडणी दिली.
संध्याकाळी काय केलं आठवत नाही. खिचडी बहुतेक.

६ फेब्रु.
सं. म्हणतो, आत्ता सांगायचं नाही, रडल्या तर डोळा जाईल. १७ ला तपासणी, तोवर गप्प. गोळाभात केला. गोळे फुटले. आई म्हणाल्या, "परवाची उसय अजून जिभेवर हाय."

८ फेब्रु., शनि.
सं.नं गजाननभाऊंना आडून विचारलं, शेतावर बरबटीचं बी काही उरलंय का. वेल केव्हाच उपटले. होतं नव्हतं ते आईजवळ.

१० फेब्रु., सोम.
सं. कृषी केंद्रातून पाकीट घेऊन आला. चुलीची राख शेजारच्या काकूंकडून. बी राखेत घोळून डब्यात भरलं. "आईले काय दिसते आता?" मी नको म्हणायला हवं होतं. झाकण मीच लावलं.
बेसन-भाकर. दोघंही आईंच्या समोर बसलो नाही, आत ओट्याशी उभ्यानं खाल्लं. चोर झालोय आपल्याच घरात.

१२ फेब्रु., बुध.
आईंनी डबा मागितला. मांडीवर घेतला, आत हात घातला. बी बोटांतून हळूहळू सोडत राहिल्या. मग मूठ नाकाशी नेली. मी दारात उभी. झाकण लावलं, उठल्या, मोरीत जाऊन साबणानं हात धुतले. दोनदा.
पाकिटातल्या बियाण्याला औषध लावलेलं असतं हे आम्हा दोघा शहाण्यांच्या डोक्यातच आलं नाही.
कढी, भात, मिरचीचा ठेचा. आई जेवल्या नाहीत.

१३ फेब्रु., गुरु.
घरी आले तर बाहेरूनच आवाज. आईंनी सं.कडून फोन लावून घेतलेला. "गजानन, तूच बदललं. मी दवाखान्यात जाच्या आंधीच बदललं तुनं!" तिकडून भाऊजी म्हणत होते, "तुयी शप्पथ, आई, मी हात नाई लावला." फोन कट. सं. खाली मान घालून बसलेला.
मी त्याला खोलीत ओढलं. "बोल ना मग!" तर म्हणतो, चार दिवस थांब. मला त्याची चीड आली. त्याहून जास्त माझी. भाऊजींनी कधी माझं वाकडं केलं नाही.
फोडणीची पोळी. कोणी नीट खाल्लं नाही.

१५ फेब्रु., शनि.
भाऊजींचे दोन फोन. आईंनी घेतले नाहीत. वहिनींचा मला फोन आला, "हे दोन दिवसांपासून मळ्यातून घरी येऊन नाई राह्यले जेवाले." मी हं हं करत राहिले.

१७ फेब्रु., सोम.
तपासणी झाली. डोळा छान. डॉ.ना बाजूला घेऊन विचारलं, रडल्या तर चालेल का? ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, आता काही हरकत नाही.
घरी येऊन चहा दिला आणि सांगून टाकलं. एका दमात. डबा, राख, सहा शिट्ट्या, पाकीट, सगळं. सं.चं नाव घेणार नव्हते, पण तो स्वतःच येऊन शेजारी बसला.
आई रडल्या नाहीत. काळा चष्मा काढला आणि मला नीट बघितलं. नव्या डोळ्यानं पहिल्यांदा. बराच वेळ.
"बी हाय म्हून समजलं नाई तुले? मायी सून, मायाजोळ भाजी शिकलेली?"
मी म्हटलं, नाही समजलं.
"अन मी दोनदा वाढून घेतली." एवढंच.
मग भाऊजींना फोन लावायला सांगितलं. मला वाटलं स्वतः बोलतील. फोन माझ्या हातात दिला. "तूच सांग त्याले."
सांगितलं. भाऊजी म्हणाले, "हौ बापा." आणि ठेवला. रागावले असते तर बरं होतं.

१९ फेब्रु., बुध.
अबोला. थेंब घालताना मान वर करतात, तेवढंच. मुगाची डाळ, पोळी. ताट पुढे ठेवलं की आधी बोटानं चाचपतात. मला ते बघवत नाही.

२१ फेब्रु., शुक्र.
आज आपणहून बोलल्या. "लताजोळ असन." लताताई म्हणजे माझी नणंद, अकोल्याला असते. लग्नात तिच्याही पदराला मूठभर बी बांधलं होतं. गच्चीवर कुंड्या आहेत तिच्या. "ते जपते. लता तुयासारखी नाई." लागलं मला ते, पण आनंदही झाला. उद्या सकाळच्या गाडीनं अकोला. आईंनी हिरवं लुगडं काढून ठेवलं, बी बांधायला धुतलेला रुमाल घेतला.
लायब्ररीतून लताताईंना फोन केला, येतोय म्हणून. कशासाठी तेही सांगितलं.
"वयनी."
"बोला."
"पहिल्याच साली शिजवलं मी. घरात भाजी नव्हती. आईले दरवर्षी सांगतो, लावलं म्हून. तुमीच काई तरी करा ना."
काय करू? सं.ला अजून सांगितलं नाही. आईंना सांगायला बाहेरच्या खोलीत दोनदा गेले, दोनदा परत आले. त्या रुमालाची घडी घालत बसल्यात, नऊ वर्षांत पाहिलं नाही इतक्या खुशीत. मघाशी हाक मारून म्हणाल्या, "लताले म्हना, सैपाक करू नको. आपन डबा घेऊन येतो."
कणीक मळून ठेवलीये. भाजी कशाची करायची, ते सुचत नाहीये.